पैलवानाचा बिनबहिणीचा भाचा

ती घटना आठवली की आजही माझ्या नाकात चहा जातो. निपाणीकडच्या एका ठाण्यात मी तेव्हा सब-इन्स्पेक्टर होतो. माझा आवाज असा, की ठाण्यात मी खाकरलो तर पलीकडच्या वखारीतली तंबाखूची पोती सावधान उभी राहत. एवढं थोडं वाढवून सांगितलं असेल. पुढचं सगळं मात्र पंचनाम्यासारखं खरं.

सकाळी रोल कॉल चालू असताना फोन आला. "साहेब, दवाखान्यातल्या भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई कडक इंजेक्शनं बाहेर विकत्यात, पेशंटला नुसतं पाणी टोचत्यात. आमच्या पैलवान मामाच्या पायाचं ऑपरेशन झालं, पर एक बी कडक सुई दिली न्हाय!"

कडक म्हणजे अफूच्या जातीचं वेदनाशामक, अमली पदार्थांच्या कायद्यात बसणारं. त्यात राज्याच्या हद्दीवरचा कोगनोळी नाका जवळ. माल पलीकडे गेला की दोन राज्यांचे पोलीस एकमेकांना पत्रं लिहीत म्हातारे होणार. मी डायरीला नोंद केली, वरिष्ठांना कळवलं, औषध निरीक्षकांना सोबत घेतलं.

फोनवाल्यानं दवाखान्याच्या विश्वस्तांनाही तीच कहाणी ऐकवली होती. त्यांनी बाईंना बजावलं होतं, चौकशी संपेपर्यंत ऑपरेशन थिएटरमध्ये पाऊल टाकायचं नाही. बाई खानापूरकडच्या शेतकऱ्याची लेक, गावातली पहिली डॉक्टर. आरोप टिकला असता तर नोकरी गेलीच असती, शिवाय गावात तोंड दाखवणं मुश्किल.

पंचांसमोर दोन कुलपांचं कपाट उघडलं. निरीक्षकांनी एकेक कुपी नोंदवहीशी ताडून पाहिली. एकही कमी नव्हती.

"बाई, चोरीचा माल कमी पडलेला बघितलाय मी. हा एवढा उरला कसा?" मी विचारलं.

"कमी वापरते म्हणून," बाई म्हणाल्या. "आधी पायाची नस बधिर करते. मग साध्या वेदनाशामक गोळ्या ठरल्या वेळी, दुखायची वाट न बघता. तरीही सोसवेना तर कडक औषध देते की. कळ सोसायला लावत नाही मी कुणाला. पण उगाच झोपवून ठेवत नाही, आणि घरी जाताना कडक गोळ्यांची पाकिटं हातात देत नाही."

"मग लोकांची तक्रार काय?"

"साहेब, आपल्याकडं पेशंट गुंगीत पडला तर औषध भारी. दुसऱ्या दिवशी उठून भाकरी मागितली, की डॉक्टरनं फसवलं!"

खरं-खोटं करायला वॉर्डात गेलो. पैलवान असा अगडबंब, की कॉट त्याच्याखाली नसून त्याला चिकटलेली वाटत होती. पाय मोडला बैलाच्या लाथेनं, असं तो सांगत होता. बायकोनं हळूच दुरुस्ती केली, "घरच्या म्हशीनं पाडलं."

कॉटभोवती निम्मं गाव. आमच्याकडे पेशंटला बघायला आलेल्या माणसाला 'तू कोण' म्हणून विचारणं म्हणजे सात पिढ्यांचं वैर. त्या गर्दीतून एक किडकिडा इसम पुढे आला. "साहेब, मीच फोन केलतो. मी भाचा."

मी पैलवानाच्या ऑपरेशन झालेल्या पायाला मांडीपाशी चिमटा काढला. त्याला पत्ताच नाही. म्हणजे पाणी टोचलेलं नव्हतं. मग भाच्याकडे वळलो. "मामांना आता कसं वाटतंय?"

"ते असू दे साहेब. घरी सोडताना कडक गोळ्या किती देतील, तेवढं इचारा."

इथे माझी मिशी फुरफुरली. खरा नातेवाईक आधी विचारतो, माणूस चालणार कधी? हा गोळ्या विचारत होता.

तेवढ्यात पैलवान टक्क डोळ्यांनी म्हणाला, "साहेब, ह्यो कोण?"

"तुमचा भाचा की!"

"मला भैनच न्हाय, भाचा कुठनं उगवला?"

बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बया! मला वाटलं ह्यांच्या चुलत्याकडचा." उचगावहून आलेले तिचे भाऊ म्हणाले, "आणि आम्ही त्याला दाजींचा भाचा समजून दोनदा च्या पाजला!"

भाचा पळाला, पण दोन पावलंच. पैलवानाचा पाय बधिर होता, हात नाही. मनगट धरताच गडी असा केकाटला, की नाक्यावरचे ट्रक थांबले म्हणतात.

ठाण्यात मला खाकरावंही लागलं नाही, त्यानं सगळं ओकलं. गडी वॉर्डावॉर्डांत कुणाचा भाचा, कुणाचा जावई व्हायचा. पेशंट गुंगीत, घरचे भिडेत. घरी सोडताना "औषधं मी धरतो" म्हणायचा आणि कडक गोळ्या लांबवून नाक्यावर ट्रक ड्रायव्हरांना विकायचा. पिशवीत वेगवेगळ्या दवाखान्यांची पाकिटं सापडली, ती पंचनामा करून जप्त केली. बाईंनी गोळ्या कमी केल्या आणि याचं दुकान बसलं. म्हणून बाईंनाच हलवायचा डाव.

बाई दुसऱ्या दिवशी थिएटरमध्ये परतल्या. पैलवान काठी टेकत चालू लागला. म्हशीला मात्र तो अजून बैलच म्हणतो.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. शुद्धीत असलेला पेशंट हा सगळ्यात चांगला साक्षीदार. आणि दुखणं थांबवणं वेगळं, माणूस झोपवणं वेगळं.

मागे माझ्याच गुडघ्याचं ऑपरेशन झालं, भूल त्याच बाईंनी दिली. संध्याकाळी कळ जरा उठली, तेव्हा बाईंनी विचारलं, "साहेब, कडक देऊ का?"

मी वॉर्डातल्या गर्दीवर नजर फिरवली आणि म्हटलं, "थांबा जरा. आधी यातले माझे भाचे किती, ते बघून घेतो."