तात्यांच्या मेंढरांचा आकडा

जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. कळप येऊन गेला की अंगणात लेंड्या पडतात ना, तसे ते आपोआप साठतात! म्हसवडजवळच्या आमच्या दवाखान्यातले निम्मे किस्से आंत्रविषार या मेंढरांच्या रोगाचे, आणि त्यातले निम्मे एकट्या बिरू तात्या मेंढपाळाचे.

*

मी मूळचा माधवनगरचा. डॉक्टर म्हणून नवीन होतो, त्यामुळे अंगात भारी उत्साह. तात्यांच्या तळावर जाऊन भाषणच ठोकलं.

"तात्या, या रोगाचे जंतू मेंढराच्या आतड्यात एरवी गप पडून असतात. त्यानं कोवळ्या चाऱ्यावर ताव मारला की ते माजतात आणि विष सोडतात. संध्याकाळी उड्या मारणारं कोकरू सकाळी आडवं! त्यातही जे सगळ्यात गुबगुबीत, ते आधी जातं. म्हणून लस टोचायची."

तात्यांनी शांतपणे माझ्या पोटाकडं पाहिलं.

"मग डाक्टर, तुमी टोचून घेतलीया न्हवं?"

*

लस मागवायची तर साताऱ्याला आकडा कळवावा लागतो. आणि इथं कुणी मेंढरांचा आकडा तोंडानं सांगेल तर शपथ! दृष्ट लागते म्हणे.

"तात्या, मेंढरं किती?"

"हाईत थोडी."

"थोडी म्हणजे किती?"

"म्हंजे लय न्हाईत."

जनावरांची मलमपट्टी करणारा आमचा ड्रेसर गणपा या कामात मुरलेला. तो हळूच म्हणाला, "साहेब, थोडी म्हणजे विसाच्या वर आणि दोनशेच्या आत. बरी हाईत म्हणाले, तर लशीची बर्फाची पेटी मोठी घ्यायची!"

मी अंदाजानं पन्नास लिहिले.

*

लस टोचायच्या दिवशी तात्यांनी पुढं आणली ती बरोब्बर पन्नास. पण काय एकेक नमुना! लंगडी, म्हातारी, खोकणारी, हाडं वर आलेली. मी मुकाट्यानं टोचली आणि चहा पिऊन आलो.

धट्टीकट्टी सगळी ओढ्यापलीकडं लपवली होती, हे मला नंतर कळलं. एक तर नव्या डॉक्टरची नजर लागायची भीती. शिवाय तात्यांचा हिशोब साधा होता, "दनकट हाईत त्येंना कशाला सुई?"

पंधरा दिवसांत रानात कोवळं गवत आलं आणि ओढ्यापलीकडची कोकरं पटापट गेली. हौसाकाकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, एक कोकरू स्वतःच्या हातानं बाटलीवर वाढवलं होतं. तेही गेलं. ते मांडीवर घेऊन काकू बसून होत्या. पन्नास हडकुळी मात्र खुशाल चरत होती.

"नजर चुकवाय गेलो, आन् मरणाच्या तोंडात दिली," काकू म्हणाल्या.

मला तात्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. धट्टीकट्टी जनावरं कुठायत, एवढं विचारायला काय झालं होतं मला?

*

त्यातच एक मेंढी गेल्याचा फोन आला. मी ओरडून सांगितलं, "हात लावू नका! आतडं तपासणीला पाठवायचंय."

तासाभरात पोचलो. चूल पेटलेली, झणझणीत वास सुटलेला.

"तात्या, आतडं कुठाय?"

तात्यांनी पातेल्यावरचं झाकण उचललं. "सोच्छ धुऊन टाकलंय."

आजारानं मेलेलं जनावर खाऊ नका म्हणून मी घसा कोरडा केला. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आवं, तपासायचंच हाय तर ताटावर बसा की!"

*

पुढच्या वर्षी काकू एकट्याच दवाखान्यात आल्या. टेबलावर एक गाठोडं सोडलं. आत नुसते खडे!

"येवढी लस आना," काकू म्हणाल्या. "येका मेंढराला येक खडा. पांढरं खडं कोकरांचं. लिवा, टोचा, पर आकडा आमी बोललो न्हाई, तुमीबी बोलायचा न्हाई. एक बी कोकरू जाया नगं आता."

"तात्यांना माहीत आहे का?"

"त्यो मोठा काळा खडा त्येंनीच टाकलाय. मेंढा हाय त्यो. गेल्या साली घरात कोंडलावता."

गणपानं आणि मी जमिनीवर बसून खडे दोनदा मोजले आणि आकडा अर्जात लिहिला. लस आली. एकूण एक मेंढरू टोचलं, कोंडलेला मेंढासुद्धा. त्या वर्षी गवत आणखी कोवळं आलं, पण तात्यांचं एकही कोकरू गेलं नाही.

*

मग साताऱ्याला बैठक झाली. जिल्ह्यातले सगळे डॉक्टर हजर. मोठे साहेब जाम खूश होते.

"माण तालुक्यातला अख्खा कळप वाचवलाय आपल्या डॉक्टरांनी! उभे राहा. सांगा सगळ्यांना, किती मेंढरं आहेत त्या कळपात?"

मी उभा राहिलो. माईक हातात आला. आकडा तोंडपाठ होता. सगळे माझ्याकडं बघत होते.

"साहेब," मी म्हणालो, "हाईत थोडी."