फोनला चिकटून

"फोनला चिकटून बस," एवढं एकच काम बाबांनी मला सांगितलं होतं, आणि ते मी शब्दशः केलं.

सांगलीतल्या आमच्या हॉस्टेलला एकच फोन, तोही नेमका आमच्या खोलीबाहेर. माधवनगरची माझी मालूआत्या, बिनलग्नाची शाळामास्तरीण. तिनं मला तीन वर्षं दर रविवारी जेवू घातलेलं. ती आता मिरजेला दवाखान्यात होती, ऑपरेशनसाठी. रक्त ओ निगेटिव्ह! अख्ख्या घराण्यात ते दोघांचंच, तिचं आणि माझं. (अक्कल एकटीलाच मिळाली.) रक्त लागलं तर वाईहून आलेले बाबा फोन करणार, आणि मी तडक मिरज गाठायची.

सकाळी दहाला बसलो. नुसतं बसून करायचं काय? म्हटलं, आत्याच्या दुखण्याची माहिती इंटरनेटवर बघू. खोलीत कॉम्प्युटर दोन, एक माझा, एक बिरूचा. (बिरू आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला पहिला इंजिनिअर होऊ घातलेला.) रेक्टरच्या नकळत फोनची वायर झरोक्यातून आत घेतलेली आणि दोन्ही कॉम्प्युटर एका केबलनं जोडलेले. एका कनेक्शनवर दोघं! त्याच केबलवर बिरू कपडेही वाळत घालायचा.

"बिरू, जरा थांब. माझं पान उघडू दे."

"आरं, नटीचा फोटू निम्मा आलाय गड्या! कपाळ आलं, भुवया आल्या. आता थांबू व्हय?"

अर्ध्या तासात नटीचं नाक आलं. माझ्या पानावर दुखण्याचं नुसतं नाव. तेवढ्यात ओल्या चड्डीच्या वजनानं केबल निसटली. जोडली, तर नटी पुन्हा कपाळापासून सुरू! असं करत एक वाजला. फोन एकदाही वाजला नाही, म्हणून मला वाटलं, चला, तिकडं सगळं ठीक आहे.

आणि दारात बाबा! घामाघूम.

"तीन तास फोन लावतोय. सारखा एंगेज! कुठं होतास?"

नेट चालू असलं की फोन एंगेज राहतो, हे या भावी कॉम्प्युटर इंजिनिअरच्या डोक्यात तेव्हा आलं.

"इथंच होतो बाबा. ऑनलाईन."

"लाईन मारत होतास? तिकडं माझी बहीण रक्तावाचून खोळंबलीय, आणि तू लाईन मारतोस?"

बिरू मदतीला धावला. "न्हाई ओ काका, लाईन त्येच्याकडं न्हवती. माझ्याकडं हुती."

बाबांनी पडद्याकडं पाहिलं. नटी हनुवटीपर्यंत पोचली होती.

रक्त दिलं, ऑपरेशन संध्याकाळी झालं. बाबांकडून लाईनचं सगळं ऐकलेल्या आत्यानं शुद्धीवर आल्यावर विचारलं, "लाईनवाला जेवला का?" आठव्या दिवशी ती गेली. उशिराचा काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाबा माझ्याकडं न बघता तिचं सामान आवरायला लागले.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून राहिले, एकही खाली येईना. काकूनं आत्याची मांजर सांभाळायचं कबूल केलं. तरी नाही. मी पिंडाला चिकटून बसलो होतो, हात जोडून, हमसून हमसून रडत. "आत्या, चुकलो गं!" तास गेला.

"एंगेज लागतंय गड्या," बिरू माझ्या कानात पुटपुटला.

बाबांनी ते ऐकलं. मला दंडाला धरून उठवलं आणि दहा पावलं मागं नेलं. कावळा लगेच शिवला!

"बघ," बाबा डोळे पुसत म्हणाले, "तू लाईनवरून उठलास, की लागतं."