जो आणेल त्यानं गाठ सोडायची

सिस्टरांच्या मठामागे पत्र्याची एक खोली आहे. तिथे एक बाई एक्कावन्न वर्षं लोकांनी दिलेले जुने कपडे हुंगते आहे. पाठीमागे तिला सगळे नाकवाली म्हणतात, तोंडावर मावशी. प्रत्येक कपडा ती आधी नाकाशी धरते, मग त्याची कॉलर स्वतःच्या मानेवर घासते. घालण्याजोगा, पुसण्याजोगा, जाळण्याजोगा, असे तीन ढीग. तिसरा कायम सगळ्यांत उंच.

मी तिच्याकडे गेले ती लबाडी करायला. माझी लेक सिस्टर व्हायला या मठात दाखल झाली आहे आणि त्या आठवड्याच्या रविवारी तिला पहिल्या वर्षाचे कपडे मिळायचे होते. इथला नियम असा की नव्या मुलीनं वर्षभर दान आलेल्या गाठोड्यांतलेच कपडे घालायचे. लेकीला लहानपणापासून इसब. मानेला जरा खरखरीत लागलं की रक्त येईपर्यंत खाजवते. म्हणून मी तीन नवे सुती झगे घेतले, दोनदा धुतले, उन्हात विटवले, लेबलं कापली आणि जुन्या चादरीत बांधून नेले.

"गाठ सोडा," मावशी म्हणाली.

"मी?"

"जो आणेल त्यानं सोडायची. म्हणून तर लोक फाटकावरून फेकून पळतात."

मी सोडली. तिनं पहिला झगा नाकाशी नेला. "दुकानाचा वास आहे. दोन धुण्यांत जात नाही तो. कुणासाठी?"

सांगावं लागलं. ती रागावली नाही, झगे पहिल्या ढिगात टाकून मोकळी झाली. "ज्याच्या वाट्याला येतील त्याचे."

"अहो मावशी, इसब आहे तिला."

"मग बसा इथं. रविवारपर्यंत ढीगच असा करा की त्यातलं काहीही उचललं तरी चालेल."

तीन दिवस बसले. तिथे जे पाहिलं ते आठवलं की अजून तोंडाला पाणी सुटतं, ओकारी यायच्या आधी सुटतं तसं. चड्ड्या, न धुतलेल्या. स्वेटरच्या बाहीत मेलेली उंदराची पिल्लं. खिशात शेंबडानं कडक झालेला रुमाल. एका भल्या घरच्या कोटावर ओकारी वाळलेली आणि त्यावर अत्तर मारलेलं. कितीतरी कपड्यांची बटणं कापून घेतलेली, इलॅस्टिक ओढून काढलेलं.

"बटणं घरी, कोट देवाला," मावशी म्हणाली. "गरिबाला नाक नसतं असं वाटतं लोकांना."

मी दोनदा ओकले. तिनं मान वर न करता डबा पायानं माझ्याकडे सरकवला.

मावशी सिस्टरांकडे आली तेव्हा नऊ वर्षांची होती, आजारी आईबरोबर. मठ नव्हताच तेव्हा. चामड्याच्या कारखान्यामागे भाड्याची खोली, तीन सिस्टर आणि हे सगळं सुरू करणारी म्हातारी मदर. पहिल्या थंडीत दान आलेल्या घोंगड्या त्यांनी न उघडताच वाटल्या. पंधरा दिवसांत सगळ्या वस्तीला खरूज. मावशीच्या आईच्या अंगावरचे फोड पिकले, त्यातच ती गेली. मदरनं त्यातलीच एक घोंगडी स्वतःच्या अंगावर घेतली आणि थंडी सरेपर्यंत काढली नाही. मग नियम केला की आधी आपल्या अंगाला लावायचं, नंतर गरिबाच्या. आणि आई गेलेल्या पोरीला गाठोड्यांपाशी बसवलं.

मठाचा छापील इतिहास मी वाचला आहे. त्यात दवाखाने आहेत, शाळा आहेत, पाहुण्यांचे फोटो आहेत. खरजेचं पान नाही.

तिसऱ्या दिवशी मी सहज विचारलं, "सगळ्यांत घाण गाठोडं कुठलं आलं हो?"

"चार वर्षांपूर्वीचं. निळ्या चौकड्यांच्या चादरी. कुणीतरी अंथरुणातच गेलं असणार, आणि चादरी तशाच गुंडाळून पाठवल्या. कॉलेजातली पोरगी घेऊन आली होती. गाठ सोडली आणि इथेच ओकली, तुम्ही ओकलात तिथं. मी म्हटलं, जाळू. तर म्हणते, साबण कुठे आहे."

चादरी माझ्या सासूबाईंच्या होत्या. धुवायची किळस आली म्हणून मीच करकचून बांधल्या होत्या आणि लेकीला म्हटलं होतं, सिस्टरांकडे देऊन ये, कुणा गरिबाच्या उपयोगी पडतील. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. परीक्षेची काळजी असेल असं मी धरून चालले.

"तेव्हापासून येतेय ती," मावशी म्हणाली. तिला सगळं ठाऊक होतं. मला खाली बघावंसं वाटलं, पण खाली तिसरा ढीग होता.

तिनं एक तपकिरी झगा माझ्या मांडीवर टाकला. बटणं कापलेला. "बसल्या बसल्या लावा."

चार बटणं लावली, चार रंगांची. मग कॉलर माझ्या मानेवर घासली, पुन्हा पुन्हा. थोडी खरखरीत होती. पुन्हा धुतला, पुन्हा घासली. पहिल्या ढिगात ठेवला.

रविवारी प्रार्थनेला पुढच्या बाकावर एक खोकणारी म्हातारी माझ्या नव्या झग्यात बसली होती. लेक आली ती चार रंगांच्या बटणांत. प्रार्थना कोणती झाली ते मला सांगता येणार नाही. मी तिची मान बघत होते.

मावशीनं कोपर मारलं. "ती खाजवत नाहीये," ती कुजबुजली. "तुम्ही खाजवताय."