खोगीरवाल्याच्या दुकानापासून उजवीकडे

चारोच्या घरात दार वाजवायची कुणाला सवय नव्हती. कारावांचेल या कामगारवस्तीतलं तिसऱ्या मजल्यावरचं घर. ज्याला यायचं तो खालूनच ओरडत यायचा, आणि घरातल्या घरात तर न्हाणीघर सोडलं तर कुठलंच दार कधी लागायचं नाही. म्हणून त्या शुक्रवारी सकाळी टकटक झाली तेव्हा तिच्या नवऱ्यानं, फेर्मिननं, पुन्हा फसून रेडिओवरच्या माणसाशी चाललेलं भांडण अर्ध्यावर सोडलं आणि बनियनवरच जाऊन बाहेरचं दार उघडलं. जिन्यात चिटपाखरू नव्हतं.

"कुणी नाही गं," तो परत येऊन म्हणाला.

"बाहेरचं नाही रे," टोमॅटो किसता किसता चारो म्हणाली. "स्वयंपाकघराचं."

स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं. त्या उघड्या दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेरानं हळूच टकटक करून प्रिमी मावशी उंबऱ्याबाहेर उभी होती. पायघोळ पांढरा झगा, डोक्यावर काळा पदर आणि नाकावर डॉक्टरांनी दिलेला, तिच्या तोंडाच्या दुप्पट मोठा काळा चष्मा.

"आवे मारिया पुरिसिमा," ती म्हणाली, आणि थांबली.

मठातली, मेरीमातेला वंदन करणारी ही अर्धीच हाक असते. उरलेली अर्धी समोरच्यानं म्हणायची, मग आत यायचं. मावशी आल्यापासून रोज सकाळी ती अर्धी हाक त्या उंबऱ्यावर लोंबकळत राहायची, कारण घरातल्या कुणाच्या तोंडी उत्तर वेळेवर यायचंच नाही.

"या हो या मावशी," फेर्मिन म्हणाला. "तुमचंच घर. आणि दार वाजवू नका हो, माझ्या जिवाला घोर लागतो. वाटतं, वरच्या बाईचा नळ परत फुटला."

"सवय आहे रे बाबा," म्हणत मावशी आत आली आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, जशी काही कुणी उठवायला येणारच आहे.

मावशी म्हणजे चारोच्या आईची धाकटी बहीण. ला मांचातल्या एका खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी तोलेदोच्या मठात गेली ती तिथलीच झाली. मठ कडक. आतल्या नन बाहेर पडत नाहीत, बाहेरचे आत जात नाहीत. लहानपणी चारो आईचं बोट धरून भेटीला जायची तेव्हा मध्ये लोखंडी जाळी असायची. चारो जाळीतून करंगळी आत घालायची, पलीकडून मावशी ती आपल्या करंगळीनं धरायची आणि तशीच धरून आईशी शेतातल्या द्राक्षांबद्दल बोलत राहायची. इतक्या वर्षांत चारोला मावशीची ओळख मुख्यतः त्या करंगळीची होती. आता अख्खी मावशी समोर बसून भाजलेल्या पावावर तेल ओतत होती, आणि तिच्याकडे किती बघू नि किती नको असं चारोला झालं होतं.

ती आली होती मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. डोळा छान झाला होता. पण तेवढ्यात मठच उठायची वेळ आली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या म्हाताऱ्या उरल्या, तेवढ्यांसाठी एवढी थोरली वास्तू कोण सांभाळणार? सगळ्यांना गालिसियातल्या मठात हलवायचं ठरलं होतं, पार तिकडे समुद्राकाठी. काहीजणी आधीच गेल्या. मठाची प्रमुख मदर आणि कासिल्दा नावाची एक नन तेवढी मागची आवराआवर करायला राहिली होती. मावशीनं मात्र तोलेदोला परत जायचं नव्हतं. गाडी तिला इथूनच रविवारी संध्याकाळी परस्पर गालिसियाला नेणार होती.

कॉफी होते न होते तोच मदरचा फोन आला. चारोनं मावशीच्या कानाला लावून धरला. मावशी "हो मदर, नाही मदर" करत होती. मग म्हणाली, "रात्रभर?"

फोन ठेवल्यावर कळलं. मदरनं परवानगी दिली होती: शनिवारची रात्र घरच्यांबरोबर कुठे बाहेर जाऊन आलीस तरी चालेल. तिकडे गेल्यावर पुन्हा बाहेर पडणं नाही, तेव्हा ही एक रात्र तुझी.

"एक रात्र!" फेर्मिननं टेबलावर थाप मारली. "मग ठरलं. सेगोविया!"

दुपारी जेवताना वादाला खरा रंग चढला, कारण तोवर नुरिया आली होती. चारोची ही मुलगी सालामांकाला शिकते आणि शनिवार-रविवार धुवायचे कपडे घेऊन घरी येते. मसुराच्या आमटीचं पातेलं टेबलाच्या मध्यावर होतं आणि तिघं तीन गावं घेऊन बसले होते.

"सेगोवियाला काय आहे सांगू मावशी?" फेर्मिन म्हणाला. "कोवळं डुकराचं पिल्लू. असं भाजतात की सुरी लागत नाही, ताटलीच्या कडेनं कापतात. आणि रोमन लोकांचा तो पाण्याचा दगडी पूल! चुन्याचा एक थेंब नाही त्यात. मी जन्मभर नळ जोडतोय, पण असं काम…"

"बाबाला पूल दिसतच नाही, त्याला फक्त पिल्लू दिसतं," नुरिया म्हणाली. "मावशीआजी, तू माझ्याकडे चल. सालामांका. रात्री दिवे लागले ना की अख्खा चौक मधासारखा दिसतो. नवा डोळा आहे तुझा, तो अशा ठिकाणी वापरायचा."

"आणि झोपायचं कुठे, तुझ्या त्या खोलीत? जिथे चादर वर्षातून एकदा धुतात?" चारो म्हणाली. तिनं स्वतः आविला धरून ठेवलं होतं. मावशी नन, आविला संत तेरेसाचं गाव, दोन्ही कसं जुळून येत होतं. शिवाय जवळ. शिवाय तटाच्या आतच एक स्वच्छ हॉटेल तिच्या पाहण्यात होतं.

"आई, अगं जन्मभर मठात राहिलेल्या बाईला तू सुट्टीत मठ दाखवणार? बाबा नळवाला आहे म्हणून आपण त्याला सुट्टीत पाइप बघायला नेतो का?"

"त्याच्या डोक्यात तरी तेच आहे," चारो म्हणाली. "मावशी, तूच सांग. तुझी रात्र आहे."

"तुम्ही न्याल तिथे," मावशी म्हणाली. "मला सगळंच छान."

हे ती तिसऱ्यांदा म्हणत होती. चारो तिच्या हातांकडे बघत होती. मावशीची बोटं पावाच्या मऊ गरातून चिमटा चिमटा काढून त्याच्या इवल्या इवल्या करंज्यांसारख्या वळ्या करून ताटाच्या काठाशी मांडत होती. मठात ती बदामाचं मार्झिपान करायची आणि ते विकायचं कामही तिच्याकडेच होतं. दाराशेजारच्या भिंतीत एक लाकडी, पिंपासारखं फिरतं कपाट असतं, तोर्नो म्हणतात त्याला. बाहेरच्यानं घंटा वाजवायची, "आवे मारिया पुरिसिमा" म्हणायचं, पैसे कपाटात ठेवायचे. आतून नन उरलेली अर्धी हाक पुरी करते, कपाट फिरवते आणि मिठाईचं खोकं तुमच्यापुढे येतं. चेहरा ना याला दिसत ना तिला.

तोलेदोचं नाव मात्र कुणी काढलं नाही. कशाला काढतील? माणसाला त्याच्याच घरी सहलीला कोण नेतं?

"मावशीआजी, कंटाळा नाही यायचा तुला त्या कपाटापाशी?" नुरियानं विचारलं.

"छे गं! सगळं जग यायचं." मावशीचा चेहरा खुलला. "निम्मे मार्झिपानला यायचे आणि निम्मे रस्ता विचारायला. घंटा वाजायची, मी आपली म्हणायची आता अर्धा किलो की पाव किलो, तर पलीकडून, 'सिस्टर, कॅथेड्रल कुठे हो?' परदेशी असला तर नुसतं 'कातेद्राल, कातेद्राल'."

फेर्मिनला हसू आवरेना. "म्हणजे जी बाई साठ वर्षं घराबाहेर पडली नाही तिलाच रस्ता विचारायचे!"

"मग! आणि मी सांगायची." मावशी ताठ बसली आणि पाढा म्हणावा तसं म्हणाली, "दारातून डावीकडे उतारानं खाली, खोगीरवाल्याच्या दुकानापासून उजवीकडे, मग जिथे चामड्याचा वास संपतो आणि मेणबत्त्यांचा सुरू होतो तिथे मान वर करायची. सिस्टर लेओकादियानं शिकवलं मला. ती तोलेदोचीच. ती गेल्यावर तोर्नो माझ्याकडे आला, रस्ता पण माझ्याकडे आला. आता कासिल्दाला शिकवलाय."

"खोगीरवाला?" नुरियाचा चमचा हवेतच राहिला. "कुठे आहे खोगीरवाला?"

"उताराच्या टोकाला."

"तुमच्या मठाच्या उताराला? तिथे काही खोगीरबिगीर नाही, मावशीआजी. मोबाईलची कव्हरं विकतात तिथे. त्याच्या आधी आईस्क्रीम होतं. मी बारावीत असताना कितीदा गेलेय…"

"कितीदा गेलीस? आणि कुणाबरोबर?" चारोनं विचारलं, पण त्याचं उत्तर कुणी दिलं नाही, कारण मावशीची वळी करणारी बोटं थांबली होती.

"दुकान नाही?"

"नाही गं."

"मग ती माणसं?"

"कुठली माणसं?"

"मी पाठवलेली." मावशीनं चष्मा काढला. नवा डोळा आणि जुना डोळा, दोन्ही नुरियावर होते. "इतकी माणसं पाठवली मी. ती कुठे गेली असतील?"

"अहो कुठे जाणार?" फेर्मिन घाईघाईनं म्हणाला. "तोलेदोत सगळेच चुकतात, मावशी. तिथे रस्तेच तसे. मी हातात नकाशा धरून एकाच कारंज्यापाशी चारदा पोचलोय. आणि चुकलेला माणूस कुठेतरी खायला बसतो. तुम्ही गावातल्या खानावळवाल्यांचं भलंच केलंत."

मावशी हसली. सगळेच हसले. पण तिनं सोलायला घेतलेलं संत्रं तसंच अर्धं ठेवलं, क्रूसाची खूण केली आणि जरा पडते म्हणून उठली. दार नसलेल्या ठिकाणीही ती क्षणभर थांबली, मग गेली.

"काय म्हणायची गरज होती तुला?" चारोनं मुलीला दटावलं.

"मला काय माहीत? मला वाटलं तिनं बघितलं असेल. तिथेच तर राहते."

चारो ताटं गोळा करायला लागली, पण ते वाक्य तिच्याबरोबर मोरीपर्यंत आलं. आई सांगायची, मावशीला आजोबांनी मठात पोचवलं ते भल्या पहाटे, अंधारात, कारण त्यांना मळणीला परतायचं होतं. मतदानाला ननांना बाहेर काढत, पण मतदान व्हायचं गल्ली ओलांडून समोरच्याच शाळेत. दात दुखला तर गाडी दारात लागायची. आणि चारो स्वतः? ती गावभर हिंडून, जेवून, मग जाळीपाशी जायची आणि सांगायची, मावशी, काय सुंदर आहे गं तुझं गाव. मावशी करंगळी धरून विचारायची, "मोठं आहे का?" ती गंमत करतेय असंच चारोला वाटायचं.

आत फेर्मिन फोनवर मोठ्यानं बोलत होता. "हो, चौघांचं टेबल. उद्या रात्री. पिल्लू आधी सांगून ठेवावं लागतं ना…"

"थांब," चारो ओल्या हातांनीच बाहेर आली. "संध्याकाळी सांगतो म्हण."

"अगं पण पिल्लू…"

"पिल्लू कुठे पळून जात नाही. ठेव."

नुरियाची खोली मावशीला दिली होती. दार नुसतंच ओढून घेतलेलं होतं. चारोनं ढकलायला हात पुढे केला आणि थांबली. मग बोटाचं पेर वळवून तिनं हळूच टकटक केली.

"आवे मारिया पुरिसिमा," ती म्हणाली. स्वतःच्याच घरात तिला लाजल्यासारखं झालं.

"सिन पेकादो कोन्सेबिदा!" आतून क्षणाचाही विलंब न लागता उरलेली अर्धी हाक आली, खणखणीत, दुकानावर बसलेल्या बाईच्या आवाजात. आणि मागोमाग हसू. "ये गं ये. पाव किलो देऊ की अर्धा?"

मावशी पलंगाच्या कडेवर बसली होती. समोर खिडकी, खिडकीत शेजारच्या इमारतीचे वाळत घातलेले कपडे. ती त्यांच्याकडेच बघत असावी.

चारो तिच्या शेजारी बसली. करंगळी पुढे केली. मावशीनं ती धरली.

"मावशी, फेर्मिन सेगोविया म्हणतो, पोरगी सालामांका म्हणते, मी आविला म्हणतेय. आम्हाला तिघांनाही त्या गावांत स्वतःलाच जायचंय. तुला काय हवंय ते तू अजून बोललीच नाहीस."

"मला सगळंच…"

"सगळंच छान. ऐकलं ते. मी काही तुझी मदर नाही, मावशी. मागून तर बघ."

बाहेर कुणीतरी दोरीवरचा टॉवेल ओढला, चाक करकरलं.

"मागायची सवय गेली गं," मावशी म्हणाली. "आणि तुम्ही हसाल. एवढा पेट्रोलचा खर्च करायचा आणि…"

"हसलो तर हसलो."

मावशीनं झगा गुडघ्यांवर नीट केला. शाळेतली मुलगी उत्तर द्यायला उभी राहते तशी सरळ झाली.

"मला तोलेदोला ने. दुपारी तोर्नोवर कासिल्दा असते. मला बाहेरून घंटा वाजवायचीय. आवे मारिया पुरिसिमा म्हणून तिला कॅथेड्रलचा रस्ता विचारायचाय, आणि ती सांगेल तसं चालत जायचंय."