आई नॅशनल पार्कात आली तेव्हा

माझी थोरली मुलगी वर्षाची होती तेव्हाची गोष्ट. सत्तर सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. मी बोरिवलीत एका दवाखान्यात नर्स होते आणि आम्ही चाळीत एका खोलीत राहत होतो. मुलीकडं बघायला कोणी नव्हतं म्हणून कर्जतजवळच्या कडाव गावाहून आई आली. आठव्या दिवशी तिनं पिशवी भरली.

"बाय, मी जाते. हितं नुसतं बसायचं मला नाय जमत. जीव घुसमटतो."

मी रडकुंडीला आले. नवरा शांतपणे म्हणाला, "मामी, उद्या रविवार. पोरीला मी बघतो. तुम्ही दोघी नॅशनल पार्कात जाऊन या. मोठं जंगल आहे, चालत जाता येतं."

"जंगलात कशाला?" आईनं विचारलं. "लाकडं हायत काय घरात आणायची?"

तिचं काही चुकत नव्हतं. फिरायला म्हणून ती जन्मात कधी जंगलात गेली नव्हती. वडील गेल्यावर डोंगरातून मोळी आणायची आणि डोक्यावर घेऊन कर्जतच्या बाजारात चालत जायची, हेच तिचं वर्षानुवर्षं चाललेलं. मी शिकले, नर्स झाले, ते त्या मोळ्यांवर.

पार्कातल्या कान्हेरी लेण्यांपर्यंत बस जात होती, पण आई बसमध्ये चढेना. सकाळचं ऊन कोवळं होतं, पळस फुलला होता. आई पदर खोचून माझ्या पुढं चालायला लागली आणि आठ दिवसांत पहिल्यांदा मोकळं बोलायला लागली. प्रत्येक झाड तिला ठाऊक होतं, पण चुलीच्या हिशेबानं. "हा ऐन. जळतो बघ कसा! हा पांगारा, ह्याच्या नादाला लागू नको, नुसता धूर. आनि खैर असंल तर मंग बघायलाच नको."

मध्येच मी तहान लागली म्हणून बाटली काढली. पाणी पिऊन बघते तर आईच्या हातात वाळक्या फांद्यांची मोळी, वेलीनं घट्ट आवळलेली.

"आये, हे काय गं?"

"पडलेलीच हायत. तोडली नाय एक पन."

तेवढ्यात वळणावरून खाकीतला रखवालदार आला. आईचा चेहरा एकदम उतरला. गावाकडं खाकी दिसली की बायका मोळी टाकून पळत. कोयता हिसकावून घेतला म्हणजे आठवड्याची कमाई गेली. ती जागच्या जागी उभी राहिली.

"मावशी, इथलं काटूकसुद्धा न्यायचं नसतं," तो म्हणाला. मग मोळीकडं बघून, "विकायला काय?"

"नाय रं दादा. हात रिकामं कशाला ठेवायचं म्हनून बांधली."

तो हसला. "आज राहू द्या रिकामे. पुढं लेण्यांत जा. बघण्यासारखी आहेत."

आईनं वेल सोडली आणि फांद्या होत्या तिथं परत पसरून ठेवल्या. मग बराच वेळ ती हात कुठं ठेवावेत ते न कळल्यासारखी चालत होती. कधी पाठीमागं बांधायची, कधी पदराशी चाळा करायची.

कान्हेरीला पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. मोठ्या लेण्याच्या ओसरीत दगडातले उभे बुद्ध आहेत, तीन-चार पुरुष उंच. आईनं तोवर बुद्ध पाहिला होता तो घरातल्या तसबिरीत आणि वस्तीतल्या विहारातल्या छोट्या मूर्तीत. ती मान वर करून बघत राहिली.

"हे कुनी केलं गं?"

"भिक्खूंनी. दीड-दोन हजार वर्षं झाली असतील."

"आपल्याच?"

"आपल्याच."

गावात आम्हाला नवबौद्ध म्हणत. त्यातला 'नव' कसा उच्चारायचे ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आई दगडाला हात लावून म्हणाली, "म्हंजे आपन नवं नाय." एवढंच. मग आत जाऊन तिनं त्रिसरण म्हटलं. तिचा आवाज मोळीवालीचा, डोंगराच्या ह्या अंगावरून त्या अंगाला हाक घालणारा. तो त्या दगडी कमानीत असा घुमला की फोटो काढत असलेली कॉलेजची मुलंसुद्धा कॅमेरा खाली घेऊन तिच्याकडं बघायला लागली. मला रडू आलं. आईला नाही आलं.

त्यानंतर आम्ही बाहेर पायरीवर बसून भाकरी खाल्ली. खाऊन झाल्यावर आई तिथंच कातळावर आडवी झाली आणि दिवसाढवळ्या झोपली. मी तिला दिवसा झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. तासभर मी नुसती शेजारी बसून राहिले. आयुष्यात मला पुष्कळ मिळालं, पण त्या तासाबद्दल मी ज्याचे-त्याचे आभार मानते: नवऱ्याचे, त्या रखवालदाराचे, ते जंगल राखून ठेवणाऱ्या सगळ्यांचे.

आई पुढं चार महिने राहिली. गावी गेल्यावर तिनं वस्तीत काय सांगितलं कोण जाणे. पुढच्या हिवाळ्यात एका शनिवारी ती दारात उभी, मागं सहा बायका, प्रत्येकीच्या हातात भाकरीचं गाठोडं.

"लेनी बघायला आल्यात," ती म्हणाली. "झोपतील कुठं पन."

मी शेजारणीकडं चटया मागायला गेले.