काळाप पडला त्या दिवशीचा

माणसाला हात देव देतो, पण अक्षर ज्याचं त्याला कमवावं लागतं. धायरीच्या भैरू पोकळेने ते पुण्याच्या मंडईत कमावलं. वयाच्या पंधराव्या वर्षी तो बापाच्या मागोमाग मिरची-कोथिंबिरीच्या गाळ्यावर बसला आणि रोज पहाटे पाटीवर खडूने भाव लिहू लागला. बाकीचे भाव नुसते खरडायचे. भैरू मात्र वेलांटी अशी वळवायचा, जशी जाणती बाई भाकरी थापताना कड वळवते. घाई नाही, गडबड नाही. गिऱ्हाईक थांबलं तर थांबलं, पण काना सरळ उभा राहिला पाहिजे.

बारा वर्षांपूर्वी त्या पाटीपुढे पद्मजाबाई येऊन उभ्या राहिल्या. सदाशिव पेठेतल्या निवृत्त शिक्षिका, आयुष्यभर इतिहास शिकवलेला, नजर अशी की समोरच्याने आपोआप शर्टाचं वरचं बटण लावावं.

"ही पाटी कोणी लिहिली?"

"मीच, बाई. काय चुकलं का?"

"नाही. म्हणून तर विचारते. मंडईत 'कोथिंबीर' शुद्ध लिहिलेली आज पहिल्यांदा पाहिली. आपण उद्यापासून माझा फळा लिहाल का?" आणि निघता निघता म्हणाल्या, "जुडी मात्र कालची दिसते."

बाईंच्या इमारतीच्या कुंपणाच्या भिंतीवर, रस्त्याच्या बाजूला, एक काळा फळा होता. त्यावर रोज दिनविशेष असायचा. आजच्या तारखेला पूर्वी काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं. तीन ओळी, जास्त नाहीत. बाईंचा हात थरथरू लागला होता आणि फळा दोन महिने कोरा पडला होता. तेव्हापासून भैरूचा नेम ठरला. पहाटे गाळा लावायचा, शेजारच्या लिंबूवाल्या अमीनला लक्ष ठेवायला सांगायचं आणि साडेसहाला फळ्यापुढे उभं राहायचं. मजकूर बाईंच्या चिठ्ठीतला, अक्षर भैरूचं. सकाळी फिरायला निघालेले लोक थांबून वाचत. कोणी चूक काढायला वाचत, पण वाचत.

परत आला की अमीन विचारायचा, "काय भैरूशेठ, आज कोण मेलं?"

"आज कोणी मेलं नाही. आज बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली."

"पोचली का?"

"पोचली."

"मग चल, मिरच्या वीक."

पद्मजाबाईंचे दोन नियम होते. पुराव्याशिवाय ओळ नाही, हा पहिला. दुसरा त्यांनी एकदाच सांगितला, पुन्हा कधी बोलल्या नाहीत. बारा जुलैला फळ्यावर एकच ओळ. १९६१ साली त्या दिवशी पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात पाणी शिरलं. बाई तेव्हा दहा वर्षांच्या. नारायण पेठेतलं त्यांचं घर त्या पाण्यात गेलं. त्या ओळीखाली दुसरं काही लिहायचं नाही, उरलेला फळा काळाच ठेवायचा.

आता मनातली गोष्ट सांगतो. जगाचे जन्मदिवस लिहिणाऱ्या भैरूला स्वतःचा जन्मदिवस नव्हता. कागदावर होता, एक जून. पण त्याच्या वर्गातल्या सव्वीस पोरांपैकी एकोणीस जणांचा तोच होता. जणू त्या दिवशी धायरीत आभाळातून पोरं पडली. झालं होतं असं की गुरुजी पोराला उभं करायचे, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं. मग साल मागे मोजायचं आणि पुढे एक जून ठोकून द्यायचा. भैरूची आई मालनबाई गुरुजींना म्हणालीही होती, "काळाप पडला त्या दिवशीचा हाय ह्यो." गुरुजींनी 'काळ पडला' ऐकलं. हसले. म्हणाले, "बाई, दुष्काळ काय एका दिवसात पडतो होय?" आणि एक जून लिहून मोकळे झाले.

भैरूही तेच धरून बसला. कुठला तरी दुष्काळ, कुठला तरी दिवस. पण रोज सकाळी तिसऱ्या ओळीखाली खडू टेकवताना त्याच्या मनात यायचं, एवढ्या मोठ्या सालात आपली म्हणून एक तारीख असेल की नाही? पुढाऱ्यांसारखा फलक नको, फोटो नको. एक खरा दिवस हवा, आणि एकदा, एकदाच, ह्या फळ्यावर एक ओळ.

यंदा जुलै लागला आणि बाईंनी अकरा तारखेची चिठ्ठी दिली. "दरवर्षी आपण जागतिक लोकसंख्या दिन लिहितो. यंदा पुरे. लिहून ती काही थांबत नाही. हे घ्या."

अवघड शब्द चार दिवस आधीच घरी गिरवायचा, ही भैरूची सवय. संध्याकाळी धायरीच्या घरी तो ओट्यावर पाटी घेऊन बसला. शेजारी आई लसूण सोलत होती. कॉलेजात जाणारी लेक अपेक्षा कानात वायर घालून वही लिहीत होती. भैरू मोठ्याने वाचत, एकेक अक्षर चाखत लिहू लागला.

"एकोणीसशे एकोणऐंशी. अमेरिकेची अवकाशातली प्रयोगशाळा स्कायलॅब कोसळली. तुकडे समुद्रात आणि ऑस्ट्रेलियात पडले. स्काय… लॅब. स्कायलॅब पडली."

"पडली न्हाई रं," आई लसणावरची नजर न उचलता म्हणाली. "पडला. काळाप."

भैरूच्या हातातला खडू थांबला.

"काय म्हणालीस?"

"काळाप. वरून लोखंड पडनार, समदं गाव मरनार, म्हनत व्हते की. त्योच तुझा काळाप. किती येळा सांगितलं, पर तुमाला शाळा शिकल्याव आईचं ऐकू येत न्हाई."

अपेक्षाने कानातली वायर ओढली. "एक मिनिट, आजी. काळाप म्हणजे स्कायलॅब? लिटरली स्पेस स्टेशन पडलं त्या दिवशी बाबा झाले?"

"ठेशन-बिशन मला ठावं न्हाई. ह्यो झाला, येवढं ठावं हाय."

भैरू उभा राहिला. परत बसला. परत उभा राहिला. सत्तेचाळीस वर्षं जो शब्द घरात उंबऱ्यासारखा पडून होता, ज्याच्यावरून तो रोज ये-जा करत होता, त्याच्याखाली त्याचा दिवस पुरून ठेवलेला निघाला! त्याने पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, ११ जुलै. मग आईला मिठी मारली. लसणाच्या पाकळ्या ओटाभर उडाल्या.

"आरं येडा झालास काय? म्हाग झालाय लसूण!"

दुसऱ्या दिवशी फळा लिहून होताच तो दोन-दोन पायऱ्या गाळत पद्मजाबाईंचा जिना चढला.

"बाई, मी अकरा जुलैचा! ह्या चिठ्ठीतलाच!"

"बसा. पाणी प्या. आता सांगा."

त्याने सगळं सांगितलं. बाईंच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, पण तोंडातून निघालं ते नेहमीचंच. "पुरावा?"

"आई सांगते ना."

"आईंची साक्ष मान्य. पण भैरू, स्कायलॅब पडली तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दहा वाजून गेले होते. धायरीला ते कसं कळलं? कोणाच्या कौलावर तुकडा पडला होता का? गावाने ऐकलं असेल दुसऱ्या दिवशी. मग आईंचा 'पडला तो दिवस' कोणता, पडल्याचा की कळल्याचा?"

भैरूने चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली.

"आईंना घेऊन या," बाई म्हणाल्या. आणि मग, जरा घाईने, "आजच आणता येईल का?"

दुपारी मालनबाई बसने आल्या. नऊवारी नेसून, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा घेऊन. दोघी म्हाताऱ्या समोरासमोर बसल्या आणि मध्ये भैरू, निकालाच्या दिवशीच्या पोरासारखा.

"मालनबाई, भैरू झाला तो वार आठवतो का?"

"वार? गुरवार. सरणावर गेले तरी इसरायची न्हाई."

"इतकं पक्कं कसं?"

मालनबाईंनी पदर सावरला. हा प्रश्न विचारायला कोणीतरी यावं म्हणून त्या सत्तेचाळीस वर्षं बसून होत्या, असं वाटावं.

"आवो, आकाड व्हता. काळाप पडून समदे मरनार, तर उपाशी कशापायी मरा, म्हनून गावानं कोंबड्या संपिवल्या. आमचा एक तांबडा कोंबडा उरलावता. बुधवारी सांजच्याला त्योबी कापला. वाटण मी वाटलं. रस्सा मी केला. आन् ताटं वाढली तवाच मला कळा लागल्या. समद्यांनी भुरकून खाल्लं, मी आत वरडतीया! तांबडं फुटलं, तवा ह्यो झाला. म्या सासूला म्हनलं, आत्याबाई, वाईच रस्सा द्या. तर म्हनती, गुरवार उजाडला. आमच्यात गुरवारी चालत न्हाई. आन् पातेलं नेऊन कुत्र्याम्होरं वतलं! तेवढ्यात चावडीवरनं मानसं वरडत आली, रेडिओनं सांगितलं, काळाप पडला, लांब समिंदरात पडला, गाव वाचलं! म्हंजी बघा, कोंबडाबी गेला, रस्साबी गेला, आन् मरायचंबी ऱ्हायलं!"

पद्मजाबाई हसल्या. भैरूने बारा वर्षांत त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हसू आवरून त्या म्हणाल्या, "वार काढा."

भैरूने अपेक्षाला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "बाबा, अकरा जुलै बुधवार. गुरुवार म्हणजे बारा."

बारा.

भैरू बाईंकडे बघेना आणि बाई भैरूकडे बघेनात. वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांतून त्याचा म्हणून एक निघाला, तो नेमका असा, ज्या दिवशी फळ्यावर जागा नव्हती.

"नियम आपल्याला माहीत आहे," बाई हळू म्हणाल्या.

"आहे की, बाई. मीच लिहितो ना दरवर्षी." आणि मग त्याच्या छातीतून आनंद पुन्हा वर उसळला, विहिरीत दाबून धरलेला भोपळा सुटावा तसा. "पण बारा तर बारा! माझा आहे. कोणाच्या कानाला हात लावून काढलेला नाही!"

मंडईत पोचेपर्यंत त्याने ही बातमी बसच्या कंडक्टरला आणि दोन अनोळखी माणसांना सांगितली होती. अमीनने लिंबाची रास सोडून त्याला मिठी मारली. "मुबारक! पण बारा जुलै? पुण्यात जन्मायला तुला दुसरा दिवस नव्हता? जाऊ दे. यंदा रविवार आहे. रश्शाला लिंबं माझ्याकडून."

अकराला भैरूने स्कायलॅबची ओळ लिहिली, जोडाक्षरं कोरून काढावीत तशी. आणि बारा तारीख उजाडली.

त्या दिवशी आई आणि अपेक्षा त्याच्याबरोबर आल्या. "रोज कुठं लिवतोस ते बघू तरी," आई म्हणाली होती. भैरूने फळा ओल्या फडक्याने दोनदा पुसला. वाळू दिला. मग लिहिलं, '१९६१ : पानशेत धरण फुटले. पुण्यात महापूर.' त्याने असं अक्षर आजवर काढलं नव्हतं. खाली काळा फळा मोकळा राहिला. त्याने तिकडे एकदाच पाहिलं आणि हात झटकले.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं."

"आन् तू?"

तेवढ्यात जिन्यात काठी वाजली. पद्मजाबाई एकेक पायरी उतरत खाली आल्या. कोणाला नमस्कार नाही, काही नाही. भैरूपुढे हात केला.

"खडू द्या."

"बाई, नियम…"

"नियम माझा आहे. मोडायला मलाच यावं लागणार. म्हणून तर उतरले."

त्या लिहू लागल्या. हात थरथरत होता, अक्षरं पाण्यातल्या सावलीसारखी हलत होती. फिरायला निघालेले चार लोक थांबले. कोणी चूक काढली नाही. बऱ्याच वेळाने ओळ पुरी झाली.

'१९७९ : धायरी येथे भैरू पोकळे यांचा जन्म. आधार : आईला न मिळालेला रस्सा.'

अपेक्षा "येस!" म्हणून एवढ्या मोठ्याने ओरडली की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली.

पद्मजाबाईंनी बोटांवरचा खडू पुसला. "ह्या तारखेला आमचं सगळं गेलं, एवढंच मला माहीत होतं, भैरू. कोणी आलंही, हे कोणी सांगितलं नव्हतं." मग लगेच आवाज मूळपदावर. "'जन्म'मधला न्म वाकडा झालाय. नीट गिरवा."

भैरूने खडू घेतला, फळ्याला टेकवला आणि तसाच उभा राहिला. "बाई, आज माझाही हात हलतोय."

"मग राहू द्या."

मालनबाई पुढे झाल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. "कुठं हायस रं तू ह्यात?"

भैरूने आईचं बोट धरलं आणि आपल्या नावावर ठेवलं. तिने 'भ'पासून 'ळ'वरच्या मात्रेपर्यंत हळूहळू बोट फिरवलं. बोटाला पांढरं लागलं. तिने ते पुसलं नाही.

"आज वार कोन्ता?"

"रविवार, आई."

"मंग हितं बघत काय बसलास? चल, कोंबडा घ्यायचा हाय. आन् ध्यानात ठेव, पहिलं ताट माझं."