बाबांनी विचारलेलं औषध

आमचं गाव वडनेर सोडलं त्या दिवशी बाबा मला हिंगणघाटच्या बसस्टँडपर्यंत पोचवायला आले. माझी जड बॅग त्यांनीच नागपूरच्या गाडीत चढवली. जर्मनीत मी फळमाश्यांच्या म्हातारपणावर संशोधन करणार, हे त्यांच्या गळी उतरलं नव्हतं. "दोन महिन्यात मरते म्हन्ते थ्या माशा," ते म्हणाले, "थे पाहाले इतक्या दूर काऊन जाऊन राह्यली?"

तिथल्या लॅबमध्ये माश्या काचेच्या नळ्यांत असत. नळी टेबलावर हलकेच आपटली की तरुण माश्या सरसर वर चढत. म्हाताऱ्या तळाशीच रेंगाळत. पेशीला ऊर्जा पुरवणारी मायटोकॉन्ड्रिया वयाबरोबर थकत जातात. त्यांचं काम किंचित मंद केलं तर काही माश्या जास्त जगत. फार मंद केलं तर लवकर मरत. तो 'किंचित' शोधण्यात माझी सहा वर्षं गेली. त्यात गावी गेले दोनदा. फोनवर बाबा कायम ठणठणीत असायचे.

मग एक दिवस ताईचा तिच्या सासरहून, नाचणगावहून फोन आला. "बाबाले आता बांधावर चढनं होत नाई. तुले सांगू नको म्हन्ते."

मी रजा टाकून वडनेरला आले. दार आईने उघडलं. बाबांचे पाय काटक्यांसारखे झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात त्यांनी विचारलं, "माशाईचं आयुष्य वाढवते ना तू? मंग माह्यासाठी काही औषध निंगालं का?"

'निघेल' म्हणायचा मोह झाला.  पण मी म्हणाले, "नाई बाबा. माशीत होते थे मानसात होईनच, असं नाई."

ते बाजेवर जरा सरकले. मग म्हणाले, "बरं झालं, खरं सांगतलं. बस इथं जराशी."

मी रजा तीन आठवडे वाढवली. त्या दिवसांत मला पहिल्यांदा कळलं, की बाबांनीही वर्ध्याच्या कॉलेजात विज्ञान शाखेत नाव घातलं होतं आणि वर्षभरात सोडलं होतं. "बेडूक कापाले माहा हातच नाई उठला," ते म्हणाले. इतकी वर्षं माझ्या माश्यांबद्दल ते का कुरकुरत होते, ते तेव्हा उमगलं: जीव मारणं त्यांना सोसत नव्हतं.

मी परतल्यावर दोन महिन्यांनी ते गेले. मला पोचता आलं नाही.

माझ्यासारखे जे दूर गेले, त्यांना वाटतं, घरी परतताना काहीतरी मिळवून न्यावं. मी काहीच नेलं नव्हतं. तरी ज्यांनी मला जवळ बसवून घेतलं, ते माझं घर होतं. आई अजून वडनेरला आहे. आता मी दरवर्षी जाते, आणि तिने विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं खरं उत्तर देते.